हवापालटाला रौजा : खुलताबादचं पठार दोन दिवसांत कसं पाहावं

उन्हाळ्याची सुटी लागली की संभाजीनगरच्या बहुतेक घरांत समुद्राचा विषय निघतो. अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे अशी नावं घेतली जातात आणि हिशोब प्रवासापाशी येऊन अडतो. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं. मग बेत दिवाळीवर ढकलला जातो. ज्यांना दोनच दिवस मोकळे काढता येतात, त्यांच्यासाठी हवापालटाचं एक जुनं ठिकाण शहराच्या वायव्येला जेमतेम २५ किलोमीटरवर आहे. ते म्हणजे खुलताबाद. जुनी माणसं त्याला अजून रौजा म्हणतात.

अठराव्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर रोग्यांना समुद्रस्नान सांगू लागले आणि ब्रायटनसारखी कोळ्यांची गावं बघता बघता हवापालटाची शहरं झाली. पुढे इंग्रज अधिकारी औरंगाबादच्या छावणीत येऊन राहिले. इथे समुद्र नव्हता, म्हणून त्यांनी उंची शोधली. जुन्या गॅझेटियरमध्ये खुलताबादची नोंद आहे ती अशी : समुद्रसपाटीपासून २,७३२ फूट, खालच्या मैदानापेक्षा ५०० फूट उंच आणि उन्हाळ्यात प्रकृतीसाठी लोक जातात असं गाव. वेरूळची लेणी पाहायला येणारे युरोपीय प्रवासीसुद्धा इथेच उतरत. काही जुन्या कबरींच्या घुमटाखालीच त्यांच्या मुक्कामाची सोय केलेली असे.

आज मात्र खुलताबाद हे बहुतेकांसाठी वेरूळच्या वाटेवरचं गाव आहे. गाडी थांबते, अर्ध्या तासात एक कबर आणि एक मारुती उरकतो आणि गाडी पुढे निघते. माझं सांगणं उलटं आहे. मुक्काम पठारावर करा आणि देवगिरी, म्हैसमाळ, वेरूळ ही सगळी ठिकाणं तिथून जोडून घ्या. त्यासाठी दोन दिवस आणि एक रात्र पुरते.

उंचीचा हिशोब

हवा किती थंड मिळेल याचा अंदाज घरूनच बांधता येतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, खुलताबाद ८३० मीटरच्या आसपास आणि म्हैसमाळ १,०६७ मीटरवर. दर १०० मीटर चढलं की तापमान साधारण अर्धा ते पाऊण अंशाने उतरतं. म्हणजे शहरात ४१ अंश असेल, तेव्हा म्हैसमाळला ३८ धरा. भर मे महिन्यात दुपारी बारा वाजता तिथे जाऊन महाबळेश्वर शोधू नका, ते मिळणार नाही.

खरा फरक पडतो तो संध्याकाळनंतर. शहरातल्या काँक्रीटच्या भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. उघडा माळ मात्र सूर्य कलला की लगेच निवू लागतो आणि पश्चिमेच्या कड्यावरून वारा सुरू होतो. दिवसभर येऊन अंधाराच्या आत परतणाऱ्याच्या वाट्याला नेमकी हीच वेळ येत नाही.

कधी जावं, कोणते वार धरावेत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्या-चढण्याचा काळ. जुलै ते सप्टेंबर पठार हिरवंगार असतं, ढग अंगावरून जातात, वेरूळच्या कड्यावरून धबधबे कोसळतात. ऑक्टोबरात गवत पिवळं पडू लागतं, पण दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. उन्हाळ्यात जायचं तर पहाट आणि संध्याकाळ एवढीच फिरण्याची वेळ समजा.

महिन्याइतकाच वार महत्त्वाचा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. (अजिंठ्याची सोमवारी. या दोन्हींत घोळ करून परत फिरणारे पाहुणे दर आठवड्याला भेटतात.) शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी, रविवारी म्हैसमाळला गाड्यांच्या रांगा, सोमवारी घृष्णेश्वरला भाविकांची रीघ, गुरुवारी आणि शुक्रवारी दर्ग्यांत वर्दळ. रजा मिळत असेल तर बुधवार-गुरुवार ही जोडी उत्तम. बुधवारी देवगिरी आणि खुलताबाद, गुरुवारी म्हैसमाळ आणि वेरूळ. शनिवार-रविवारच मोकळा असेल तरी जा, फक्त रविवारी म्हैसमाळ सकाळी आठच्या आत गाठा आणि गर्दी चढू लागली की खाली उतरा.

पहिला दिवस, सकाळ : देवगिरी आणि घाट

छावणी आणि मिटमिटा ओलांडून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी उर्फ दौलताबादचा किल्ला लागतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लमाने इथे राजधानी केली, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवायला घेतली. किल्ला सकाळीच चढा. वरच्या बारादरीपर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास लागतात. अंधारीच्या भुयारी वाटेसाठी विजेरी घ्या. मोबाइलच्या उजेडात पायरी चुकते आणि वटवाघळं उडाली की हातातला मोबाइलही सुटतो. गुडघे दुखणाऱ्यांनी चांद मिनार आणि चिनी महालापर्यंत जाऊन खालीच थांबावं, त्यात काही कमीपणा नाही.

चिनी महाल मात्र नीट पाहून घ्या. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशाह अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने या किल्ल्यात आणून ठेवलं, ते मरेपर्यंत. त्याची कबरही खुलताबादेतच आहे. सकाळी कैदखाना आणि संध्याकाळी कबर, दोन्ही एकाच दिवसात पाहून होतात.

याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे शिकायला आले. हेही ध्यानात असू द्या, पुढे वर गेल्यावर त्याचा धागा लागेल.

किल्ल्यानंतर घाट सुरू होतो. रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जातो. दोन मोठी वाहनं समोरासमोर आली की कोंडी होते, तेव्हा हॉर्न वाजवून उपयोग नाही. घाट चढून वर आलं की कागजीपुरा लागतं. हे हातकागद करणाऱ्या कारागिरांचं गाव. तुघलकाबरोबर आलेल्या कागदींनी ते वसवलं अशी परंपरा आहे. कागद बनवण्याचं काम चालू दिसलं तर पंधरा मिनिटं थांबून पाहा.

पहिला दिवस, दुपार : तटाच्या आत

खुलताबादला तटबंदी आणि दरवाजे होते. नगारखाना दरवाजा, पांगरा दरवाजा ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. तटाच्या आतलं गाव चौदाव्या शतकापासून सूफी संतांभोवती वाढलं. आधी आले मुंतजिबुद्दीन, म्हणजे जर जरी जर बख्श. ते १३०९ मध्ये वारले. त्यांच्यामागून बुऱ्हानुद्दीन गरीब आले, ते १३३७ मध्ये वारले. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनांच्या शिष्यांची ही परंपरा. मग झैनुद्दीन शिराझी. या संतांच्या सावलीला आपलीही माती पडावी असं राजेरजवाड्यांना वाटू लागलं आणि चार-पाचशे वर्षांत हे गाव दख्खनच्या सत्ताधीशांचं कबरस्थान होऊन गेलं.

मुख्य रस्त्यालाच समोरासमोर दोन आवारं आहेत. एका बाजूला झैनुद्दीन शिराझींचा दर्गा. त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यात औरंगजेबाची कबर आहे. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ भिंगारला मेला आणि त्याच्याच इच्छेवरून इथे आणून पुरला गेला. ताजमहाल बांधणाऱ्याच्या मुलाची कबर म्हणून मोठं काही पाहायच्या तयारीने जाल तर गोंधळाल. वर छप्पर नाही. मध्ये उघडी माती, तीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी पुढच्या काळातली, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजाम सरकारने बसवलेली. पाच पावलांत कबर पाहून होते. पण ज्याने आयुष्याची शेवटची २५ वर्षं मराठ्यांशी लढण्यात घालवली आणि तरीही ज्याला हा मुलूख जिंकता आला नाही, त्याचा शेवट इथे झाला, हा इतिहास माहीत असलेल्या माणसाला त्या पाच पावलांत बरंच काही दिसतं. मुलांना तेवढं जरूर सांगा.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा. त्याच्या आवारात पहिला निजाम आसफजाह आणि त्याचा मुलगा नासिरजंग यांच्या कबरी आहेत. आसफजाह १७४८ मध्ये बुऱ्हाणपूरला वारला. औरंगजेबाच्या चाकरीत वाढलेला हा सरदार. मुघल सत्ता ढासळल्यावर त्याने दख्खनमध्ये स्वतःचं राज्य उभं केलं आणि त्याच राज्यात मराठवाडा १९४८ पर्यंत होता. एका रस्त्याच्या दोन कडांना मराठवाड्याच्या अडीचशे वर्षांची दोन टोकं आहेत.

बहुतेक प्रवासी इथूनच मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. ऊन उतरल्यावर गावाबाहेर वायव्येला मलिक अंबरच्या कबरीकडे जा.

मलिक अंबर : आपल्या शहराचा संस्थापक

आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, हात बदलत बदलत दख्खनमध्ये पोचतो आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर होतो. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी भूमिगत नहरीने शहरात आणण्याची त्याची योजना शहराला पुढच्या कित्येक पिढ्या पुरली. शहाजीराजे त्याच्या बाजूने १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत लढले. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे वेरूळचे, म्हणजे या कबरीपासून हाकेच्या अंतरावरच्या गावचे.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. कबर त्याने हयातीतच बांधून ठेवली होती असं मानतात. काळ्या दगडाची चौकोनी इमारत, भिंतींत कमानींचे कोनाडे, दगडी जाळ्या आणि वर घुमट. जवळच त्याच्या बायकोची, बीबी करीमाची कबर आहे. इथे फुलांची दुकानं नाहीत, सेवेकरी नाहीत, बहुतेक वेळा दुसरा माणूसही नसतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन जाळीतून आत उतरतं, तेव्हा दगडाची कोरणी स्पष्ट दिसते. फोटो काढायचे असतील तर हीच वेळ.

वेळ उरला तर बनी बेगमची बाग पाहा. चारी बाजूंनी भिंत, मध्ये कबर, कारंज्यांचे जुने हौद आणि कोपऱ्यांवर बंगाली धाटणीच्या वक्र छतांच्या छत्र्या अशी ती मुघल बाग आहे. लहान मुलांना धावायला जागा आणि मोठ्यांना टेकायला सावली, दोन्ही मिळतं.

पहिला दिवस, संध्याकाळ : निजलेला मारुती

सांजवेळी भद्रा मारुतीला जा. मारुती सहसा उभा, उडता किंवा हात जोडून असतो. इथे तो चक्क आडवा, निद्रिस्त आहे. अशा मूर्ती देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. भद्रावती नगरीचा रामभक्त राजा भद्रसेन याच्या भजनात मारुती रंगून गेला आणि तिथेच झोपी गेला, अशी कथा सांगतात.

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून हजारो माणसं पायी निघतात आणि शनिवारी पहाटे इथे पोचतात. वाटेत ठिकठिकाणी मंडळं चहा-फराळ देतात. एकदा तरी हा रस्ता रात्री चालून पाहावा. पण त्या रात्री गाडीने जायचा विचार करू नका. रस्ता चालणाऱ्यांचा असतो आणि घाटात गाडी अडकली की पहाट होते. हनुमान जयंतीलाही तीच स्थिती. रबिउल अव्वल महिन्यात जर जरी जर बख्श यांचा उरूस भरतो, तेव्हा गाव जत्रेने फुलतं. पाळणे, खेळणी, मिठाया यांची हौस असेल तर तेव्हा या. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

दुसरा दिवस, सकाळ : म्हैसमाळ आणि शुलीभंजन

पहाटे उठून म्हैसमाळ गाठा. खुलताबादहून सुमारे १२ किलोमीटर. वर गिरिजादेवीचं मंदिर आहे, चैत्र पौर्णिमेला तिची यात्रा भरते. गिरिजा नदीचा उगमही याच डोंगरात. बालाजीचं मंदिर आणि दूरदर्शनचा उंच मनोरा या दोन खुणा लांबूनच दिसतात. मात्र कड्याच्या टोकाला उभं राहून पश्चिमेचं मैदान पाहणं हेच इथलं मुख्य काम. पावसाळ्यात ढग खाली आणि आपण वर असा खेळ चालतो. तेव्हा कड्याची माती निसरडी असते आणि सगळीकडे कठडे नाहीत. सेल्फीसाठी टोकावर जाणाऱ्या तरुण पोरांना घरच्या माणसांनीच आवरावं. भाजलेलं मक्याचं कणीस आणि चहा मिळतो. जेवणाची सोय धरून चालू नका, डबा जवळ ठेवा.

उतरताना शुलीभंजनला वळा. डोंगरमाथ्यावर दत्ताचं मंदिर आहे. जनार्दनस्वामींच्या सांगण्यावरून एकनाथांनी इथे तप केलं, असं वारकरी परंपरा सांगते. काल सकाळी किल्ल्यावर गुरूचं ठिकाण पाहिलं, आज शिष्याचं. या डोंगराच्या परिसरातच परियों का तालाब आणि त्याच्या काठी जलालुद्दीन गंज रवां यांचा दर्गा आहे. दत्त आणि दर्गा यांच्यात अंतर थोडं आहे. दोन्हीकडे जाऊन येणारी कुटुंबं इथे काही अपूर्वाईची नाहीत.

दुसरा दिवस, दुपार : वेरूळ

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी ती सावलीत असतात आणि दुपारी तीननंतर ऊन थेट दर्शनी भागावर येतं. म्हणून लेणी दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवली आहेत. एकंदर ३४ लेणी : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी एका दमात पाहायचा हट्ट धरू नका. दहावं, सोळावं, एकोणतिसावं आणि बत्तिसावं एवढी चार नीट पाहा. दहावं म्हणजे सुतार लेणं, लाकडी वाशांसारखी कोरलेली छताची कमान असलेलं. सोळावं कैलास, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. ते डोंगर वरून खाली कोरत आणलेलं आहे, म्हणून ते खालून पाहून झालं की बाजूच्या पायवाटेने वर चढून वरूनही बघा. कारागिरांनी काम कसं केलं असेल ते तिथून कळतं. जैन लेणी लांब आहेत, तिथवर बस मिळते.

शेवटी घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. मालोजीराजांनी देवळाची डागडुजी केली आणि अठराव्या शतकात होळकरांच्या घराण्यातून, अहिल्याबाईंच्या हातून आजचं तांबूस दगडाचं देऊळ उभं राहिलं. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. जवळचं शिवालय तीर्थ चुकवू नका. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेलं तांबड्या दगडाचं चौकोनी कुंड आणि त्यात छोटी छोटी आठ देवळं. देवळातल्या रांगेत तास गेला तरी इथे दहा मिनिटं बसलं की शीण उतरतो.

जाणं, राहणं, खाणं

मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या एसटी दिवसभर मिळतात. म्हैसमाळ आणि शुलीभंजनसाठी मात्र स्वतःची गाडी हवी, नाहीतर खुलताबादेतून रिक्षा किंवा जीप ठरवा आणि परतीचं भाडं आधीच बोलून घ्या. मुंबई किंवा नागपूरहून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी माळीवाड्याला उतरावं. तिथून दौलताबाद जवळ पडतं, शहरात शिरावं लागत नाही.

राहण्यासाठी वेरूळला लेण्यांच्या आसपास हॉटेलं आहेत, म्हैसमाळला मोजकीच. आधी फोन करून पाण्याची आणि जेवणाची चौकशी करा. उन्हाळ्यात पठारावर पाण्याची ओढ असते. नान-खलिया खायचा असेल तर तो शहरात परतल्यावर खा, तो शहराचाच पदार्थ. पठारावर बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला की धन्यता माना.

थोडी पथ्यं

दर्ग्यात चपला बाहेर काढा, डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्या. आतल्या खोलीत बायकांना जाता येतं की नाही, हे दारातल्या सेवेकऱ्याला विचारा. माहिती सांगणाऱ्याला खुशीने काही द्या, पण आकडा त्याला ठरवू देऊ नका. औरंगजेबाच्या कबरीपाशी पोलीस बंदोबस्त असू शकतो. ओळखपत्र जवळ ठेवा, रीळ आणि घोषणा यांच्या नादी लागू नका. त्या गावात लोकांचा रोजचा संसार चालतो. आपण दोन दिवसांचे पाहुणे आहोत.

आणि दोन दिवस निघतच नसतील, एकच असेल, तर काय गाळावं? देवगिरी गाळा, तो शहराजवळ आहे, कुठल्याही सकाळी होईल. म्हैसमाळही गाळा, पावसाळ्यात वेगळं जाता येईल. दुपारी वेरूळ पाहा आणि चारनंतरचा सगळा वेळ खुलताबादला द्या. रात्रीचं जेवण तिथेच करा आणि घाट नऊनंतर उतरा. संध्याकाळचा वारा लागल्याशिवाय परत येऊ नका, हवापालटाला गेल्याचा फायदा त्यातच आहे.